सर, किती फूट?

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन लागतं पिंगळी. दोन्ही बाजूंना काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन आणि कापूस, मधेमधे तुरीची तासं. दहावी झाली की इथली बरीच मुलंमुली शिक्षणासाठी परभणीची वाट धरतात. कोणी रेल्वेनं, कोणी एसटीनं, कोणी काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून. बहुतेकांच्या कानात मोबाइलची वायर असते आणि त्या वायरीतून सतत काहीतरी वाजत असतं. या मुलांना कविता आवडत नाही, असं त्यांचे शिक्षक सांगतात, पालक सांगतात आणि विचारलं तर मुलं स्वतःही तेच सांगतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

या मुलांना काय काय पाठ आहे ते आधी पाहा. एप्रिल उजाडला की गावोगावी भीमगीतं सुरू होतात. वामनदादा कर्डकांना जाऊन आता दोन दशकं उलटली (१९२२ ते २००४ हा त्यांचा काळ), पण त्यांची गाणी पंधरा वर्षांच्या पोराला कडव्यानिशी येतात आणि कुठल्या शब्दावर हात वर जायचा तेही माहीत असतं. सप्ताह बसला की टाळकऱ्यांच्या रांगेत सातवी-आठवीची मुलं उभी असतात. अख्खा हरिपाठ त्यांच्या तोंडात असतो आणि पावली खेळताना एकाही अक्षराला ठेच लागत नाही. परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तिथली कव्वाली ऐकून आलेली मुलं आठवडाभर तीच गुणगुणत असतात. शिवाय मराठी रॅप आहे. त्यातली यमकं मुलं इतक्या बारकाईनं ऐकतात की कुठलं यमक ओढूनताणून आणलंय हे ती चटकन सांगतात. छंदाची जाण याहून वेगळी काय असते?

हीच मुलं मराठीच्या तासाला पाठ्यपुस्तकातल्या कवितेचं पान उघडतात आणि गप्प होतात. कान तेच, जीभ तीच, भाषाही बरीचशी तीच. मधे काय होतं?

माझ्या मते होतं ते असं. सप्ताहात, मिरवणुकीत, उरुसात कविता आधी कानावर पडते, मग जिभेवर बसते, आणि अर्थ तिच्यामागून सावकाश येत राहतो. काही ओळींचा अर्थ वर्षानुवर्षं येत नाही आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. शाळेत क्रम उलटा होतो. कविता डोळ्यांसमोर छापील येते, पहिल्या वाचनातच तिचा अर्थ मागितला जातो, आणि तिचा आवाज वर्गात कोणी नीट ऐकलेलाच नसतो. बरेचदा शिक्षक एक ओळ वाचतात आणि तिचा अर्थ सांगतात, दुसरी वाचतात आणि तिचा सांगतात. कविता सलग अशी एकदाही ऐकू येत नाही.

यामागे परीक्षेचा धाक आहे, हे मान्य करायला हवं. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी १६ गुण पद्याला असतात. त्यातले चार रसग्रहणाला. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं यांवर लिहायचं असतं, आणि बाजारातल्या गाइडांमध्ये प्रत्येक कवितेखाली या मथळ्यांची तयार वाक्यं असतात. मुलं ती पाठ करतात. त्यात मुलांचा दोष नाही. घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोचलेल्या मुलीला गुण सोडून चालत नाही, आणि कवितेचा आनंद घे, गुणांचं बघू नको, असं तिला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण त्याच कृतिपत्रिकेत एक जागा आहे, जिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. कवितेवरच्या मुद्द्यांमध्ये विचारतात: कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. ‘न आवडण्याचे’ हे शब्द तिथे छापलेले आहेत. म्हणजे एखादी कविता पटली नाही तर तसं लिहायची मुलाला मुभा आहे, कारण मात्र द्यायला हवं. माझ्या पाहण्यात या मुभेचा उपयोग जवळपास कोणी करत नाही. सगळ्यांना सगळ्या कविता आवडलेल्या असतात, आणि आवडण्याचं कारण सगळ्यांचं एकच असतं. ज्या मुलाला कवितेशी भांडता येतं त्याला ती वाचताही येते. ही गोष्ट मला पिंगळीत मुलांबरोबर बसून कविता वाचताना लख्ख दिसली.

नववी-दहावीची काही मुलंमुली होती. हातात २०१८ साली आलेलं दहावीचं कुमारभारती. त्यातली आसावरी काकडे यांची ‘खोद आणखी थोडेसे’ ही कविता मी दोनदा सलग वाचली. अर्थ सांगितला नाही, विचारलाही नाही. जमिनीखाली पाणी असतंच, धीर सोडू नये, खणत राहावं, अशी या कवितेची सुरुवात आहे. पुढे ती मिटलेल्या ओठांकडे जाते, मनातल्या गाण्याकडे जाते, गळणाऱ्या पानांकडे, बंद मुठीकडे जाते आणि शेवटी पुन्हा खोदण्याकडे येते. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एका मुलानं विचारलं, “सर, किती फूट?”

सगळे हसले. तो हसला नाही.

“आमच्या वावरात दोन बोअर फेल गेले,” तो म्हणाला. “दुसऱ्याला नुसता फुफाटा निघाला. पप्पा म्हणायले अजून शंभर फूट जाऊ द्या, आजोबा म्हणायले बंद करा गाडी.” मग एकेकाची कहाणी निघाली. कोणाच्या घरी पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. कोणाकडे बोअरची गाडी रात्री आली आणि सकाळपर्यंत घरात कोणी झोपलं नाही. कोणाच्या शेजाऱ्याला पाणी लागलं, यांना लागलं नाही, बांध तेवढा मधे. भूजल कायद्यानं नव्या विंधन विहिरीला साठ मीटरची, म्हणजे सुमारे दोनशे फुटांची मर्यादा घातलेली आहे. मराठवाड्यात पाणी शोधणारी माणसं त्याच्या कितीतरी खाली गेलेली आहेत, हे त्या मुलांना कायदा न वाचता ठाऊक होतं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, पण त्या वर्षाबद्दल घरात बोललेलं त्यांनी ऐकलेलं आहे. फुटागणिक पैसे मोजलेल्या घरातल्या मुलाला ‘थोडेसे’ हा शब्द हलका वाटत नाही.

गाइडात या कवितेखाली आशावाद, प्रयत्न, चिकाटी असं लिहिलेलं असतं. ते चूक नाही. पण त्या मुलाच्या प्रश्नानं कविता एकदम तोलून पाहिली: खाली पाणी असतंच, असं म्हणणाऱ्या माणसानं कोरडा बोअर पाहिलेला आहे का?

त्यावर पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “त्या पाण्याचं म्हणायल्याच नाहीत.”

“मग कशाचं?”

तिनं पुस्तक जवळ ओढलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि सांगितलं की ही कविता मुलीला सांगितलेली आहे. मधल्या कडव्यात हाक बाईमाणसाला मारलेली आहे, आणि ती हाक येते ती बरोबर ओठ मिटू नयेत असं सांगताना. बोअर मुलींनी थोडाच मारायचा असतो, असं ती म्हणाली. बोलायचं असतं त्याबद्दल आहे हे.

शेकडो वर्गांत ही कविता शिकवली गेली असेल. त्या एका छोट्या हाकेवर बोट ठेवणारं वाचन मी कुठल्या गाइडात पाहिलेलं नाही. ती मुलगी तिथवर पोचली, कारण आधी त्या मुलानं कवितेला अडवलं होतं. त्यानं शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि कवितेला वास्तवाशी भिडवलं. तसं केलं नसतं, तर इथे पाणी म्हणजे आणखी काहीतरी आहे हे शोधायची गरज कोणाला पडलीच नसती. रूपक म्हणजे काय, हे मुलांना व्याख्येतून सांगितलं की एका कानानं आत जातं आणि दुसऱ्यानं बाहेर. शब्दशः वाचून अडल्यावरच ते उमगतं. शेवटी त्या मुलाला विचारलं, काय वाटतं आता? तो म्हणाला, “कविता चांगली आहे सर. पण बोअरला लागू नाही.”

रसग्रहण याहून वेगळं असतं असं मला वाटत नाही. कवितेचं बळ कुठे आहे आणि तिची हद्द कुठे संपते, हे त्यानं एका दमात सांगितलं होतं.

परभणीच्या या मुलखाला कविता बाहेरून आणावी लागलेली नाही. दक्षिणेला गोदाकाठी गंगाखेड, जनाबाईंचं गाव. उत्तरेला हिंगोली जिल्ह्यात, जो १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, नर्सी नामदेव. नामदेवांचं गाव म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं तिथे जातात. सातशे वर्षांमागे या दोघांनी रचलेले अभंग आजही वारीच्या वाटेवर म्हटले जातात. जनाबाईंच्या अभंगांत जातं आहे, शेणी आहेत, झाडलोट आहे, आणि त्या कामाला हात लावायला आलेला विठ्ठल आहे. आठवीतल्या एखाद्या मुलीला शाळेत यायच्या आधी घर झाडून, पाणी भरून यावं लागतं. तिला जनाबाईंचा देव समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. देवानं येऊन घरकामात मदत करावी, ही कल्पना तिच्या वयाच्या मुलींना गमतीचीही वाटते आणि थोडी हक्काचीही.

जात्याचं सांगायचं तर त्याचा आवाज अगदी परवापर्यंत या भागात होता. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७पासून त्या लोकांपुढे आणल्या. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. ताडकळस म्हणजे पिंगळीच्या मुलांच्या पाहुण्यारावळ्यांचा मुलूख. त्या ध्वनिफिती मोबाइलवर कोणालाही ऐकता येतात. एकदा ऐकवाव्यात. मुलांना आधी आवाज अनोळखी वाटतो, मग कोणीतरी म्हणतं, अशी तर आमची आजी म्हणते.

ओवीची घडण मुलांपुढे उलगडण्यासारखी आहे. ओळी दोनच. पहिली ओळ काहीतरी उभं करते: वाट, झाड, भाऊ, आभाळ. दुसरी ओळ ते मनाशी आणून टेकवते. मधे दम घ्यायला जागा असते, तिथे जात्याचा फेरा पुरा होतो. ‘बाई’, ‘सांगते’, ‘सया’ असे भरीचे शब्द मधेमधे येतात, ते ओझं नसतात. पुढची ओळ सुचेपर्यंत हात आणि सूर चालू ठेवण्याचं काम ते करतात. मोकळ्या माइकवर उभा राहिलेला रॅपर पुढचं यमक जुळवताना नेमकं हेच करतो, आणि हे मुलांच्या लगेच ध्यानात येतं. आजीची ओवी आणि नातवाचं रॅप यांत दोन पिढ्यांचं अंतर असेल, पण दोघांची शिवण एकच आहे. पिठाची गिरणी गावात आली आणि बाईचे मोडणारे हात सुटले, हे फार चांगलं झालं. जात्यासाठी हळहळ करणाऱ्यांनी ते एकदा पहाटे तासभर ओढून पाहावं. पण जात्याबरोबर घरातल्या घरात कविता ऐकू येण्याची वेळही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरी कुठलीच वेळ ठेवली नाही.

अभंगाबाबत आणखी एक सोपी गोष्ट करता येते. दहावीच्या पुस्तकात नामदेवांचा एक अभंग आहे. आगीत सापडलेल्या बाळाकडे धावणारी आई, जमिनीवर पडलेल्या पिलाकडे झेपावणारी पक्षीण, भुकेल्या वासरासाठी हंबरत येणारी गाय, वणव्यात पाडसाची काळजी करणारी हरिणी, आणि शेवटी मेघाची विनवणी करणारा चातक. त्याचा अर्थ सांगायच्या आधी मुलांना अक्षरं मोजायला सांगावीत. टाळी वाजवून, बोटं मोडून, कसंही. आठ आणि आठ. लहान अभंगाचा हा साचा आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि मग चार. हे एकदा हाताला लागलं की मुलं हरिपाठ मोजतात, आरती मोजतात, लग्नातलं गाणं मोजतात. आजवर जे नुसतं तोंडात होतं त्याला हाडं आहेत, हे त्यांना कळतं. मग नामदेवांच्या ओळी इतक्या आखूड का आहेत, हा प्रश्न त्यांच्या तोंडून येतो. आग लागली आहे, वणवा पेटला आहे; लांबलचक बोलायला वेळ कुठे आहे? भाषिक वैशिष्ट्य या मथळ्याखाली लिहायला यापेक्षा चांगलं वाक्य मिळणार नाही.

आणि त्या प्रतिमा. गुरं सांभाळणाऱ्या घरातल्या मुलानं वासरासाठी हंबरणारी गाय दररोज ऐकलेली असते. शहरातल्या वर्गात शिक्षकाला ती समजावून सांगावी लागते. इथे शिक्षकानं गप्प बसावं आणि मुलाला सांगू द्यावं. त्या गाईचा आवाज नेहमीच्या हंबरण्यापेक्षा कसा वेगळा असतो, पान्हा चोरणारी गाय वासरू दिसताच काय करते, हे पिंगळीचा पोर सांगू लागला की वर्गातली विद्वत्तेची उतरंड घटकाभर बदलते. जी मुलं मागच्या बाकावर बसून बसून आपल्याला काही येत नाही असं मानू लागलेली असतात, त्यांना कवितेनं पुढे आणलेलं मी पाहिलं आहे.

याच पुस्तकात द. भा. धामणस्करांची ‘वस्तू’ आहे. वस्तूंना जीव नसेलही, पण जीव असल्यासारखं त्यांच्याशी वागावं, असं सांगणारी. शेतकऱ्याच्या घरात खंडेनवमीला नांगर-कोळप्यापासून ट्रॅक्टर-मोटारीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. धामणस्करांची कविता त्या घरात शिरायला उंबरा आडवा येत नाही. इंदिरा संतांची ‘औक्षण’ घ्या. तिचा संदेश काय, असं विचारलं की देशप्रेम हा शब्द येतो आणि कविता तिथेच मिटते. या भागात पहाटे पाच वाजता रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. पोलीस भरती, सैन्य भरती, जी निघेल ती. त्यातल्या एखाद्याची बहीण वर्गात बसलेली असते. सैनिकाला ओवाळणाऱ्या बाईच्या हाती काय आहे आणि काय नाही, हे तिला विचारा. देशाबद्दल ती नंतर बोलेल. आधी ती डोळ्यांबद्दल बोलेल, कारण ती कविता तिथेच घडते.

प्रत्येक कवितेतून संदेश काढायची आपल्याला लागलेली सवय मला सगळ्यांत घातक वाटते. संदेश निघाला की कवितेची गरज संपते. पंधराव्या वर्षी माणसाला संदेश देणारे घरात, गावात, शाळेत आणि मोबाइलवर इतके असतात की आणखी एकाची भर कोणाला हवी आहे? त्या वयाला हवं असतं ते वेगळंच. मनात जे चाललंय ते आणखी कोणाच्या मनातही चाललं होतं, आणि त्याला त्याचे शब्द सापडले, हे कळणं. राग, लाज, आईवडिलांबद्दलचं प्रेम आणि त्यांच्यावरची चीड, गाव सोडायची ओढ आणि सोडताना तुटणारं काहीतरी.

त्या शेवटच्या गोष्टीसाठी परभणीच्या मुलांना दूर जायची गरज नाही. इंद्रजित भालेराव हे वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे. त्यांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह १९८९ साली आला. पुढे ‘आम्ही काबाडाचे धनी’, ‘दूर राहिला गाव’, ‘कुळंबिणीची कहाणी’. परभणीत प्राध्यापकी करत त्यांनी गावोगावी, शाळाशाळांतून कविता म्हटल्या. खड्या आवाजात, पाठ, हातात कागद न घेता. त्यांच्या कवितेत शेतकऱ्याचं घर आहे आणि त्या घराची बोली आहे. मुलगा शाळेत जी भाषा लपवतो, तीच पुस्तकात छापलेली पाहतो, तेव्हा त्याच्या मनातली एक मोठी गाठ सुटते. आपण बोलतो ते अशुद्ध, असं दहा वर्षं ऐकलेल्या मुलाला हे पाहायला मिळणं कुठल्याही व्याकरणाच्या धड्याहून मोलाचं आहे.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेलं मूल, गिरणी कामगारानं सांभाळलेलं. शाळेत शिपायाचं काम केलं, पुढे शिक्षक झाले, आणि ‘ऐसा गा मी ब्रह्म’, ‘माझे विद्यापीठ’ अशी पुस्तकं लिहिली. ही हकीकत सांगितली की दहावीच्या वर्गात शांतता पसरते. मग सुर्व्यांची कविता वाचावी. कवीचं चरित्र कवितेआड येऊ नये, असं समीक्षेत म्हणतात; मोठ्या वाचकांसाठी ते ठीक असेल. चौदा-पंधराच्या मुलांना मात्र कवी हा पोटापाण्याला लागलेला, हाडामांसाचा माणूस होता, हे कळावंच लागतं.

तसेच बी. रघुनाथ. १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करत त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. त्या काळी इथे वरच्या शिक्षणाची आणि सरकारची भाषा उर्दू होती. ‘आलाप आणि विलाप’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४१चा. १९५३ साली, वयाच्या चाळिशीत, ते परभणीत वारले. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ त्यानंतर, १९५५ साली, आला. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे आणि त्यावरून पिंगळीची मुलं कॉलेजला जाताना जातात. सभागृहाचं नाव त्यांना माहीत असतं, कविता माहीत नसते. त्यांची कविता अवघड आहे, संस्कृत आणि उर्दू यांच्या सरमिसळीची आहे, आणि म्हणूनच ती मुलांना दाखवावी असं मला वाटतं. अवघड कविता मुलांपासून लपवून ठेवायची नसते. ही मलाही पूर्ण लागत नाही, पण हिचा नाद मला सोडत नाही, असं शिक्षक वर्गात म्हणाला, तर मुलांना फार मोठी मोकळीक मिळते. न कळणं हा गुन्हा नाही, एवढं कळलेली मुलं आयुष्यभर कविता वाचू शकतात.

कविता कानावर घालण्याची परंपरा आपल्याकडे शहरांतही होती. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन घरोघरी पोचवली. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून काव्यवाचनं केली, आणि तिकीट काढून कविता ऐकायला गर्दी झाली. अमेरिकेत बिली कॉलिन्स २००१ ते २००३ या काळात राष्ट्रकवी होते. त्यांनी शाळांसाठी ‘पोएट्री १८०’ नावाचा उपक्रम काढला. शाळेच्या वर्षात साधारण १८० दिवस. दर दिवशी एक कविता मोठ्यानं वाचायची. चर्चा करायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, परीक्षा नाही. नुसती ऐकायची आणि आपापल्या तासाला जायचं. हे काही अमेरिकेतून आणायला हवं असं नाही. आपल्याकडे शाळेच्या परिपाठात सुविचार असतो, दिनविशेष असतो, बातम्या असतात. त्याच्या शेवटी एक कविता सहज बसते. दोन मिनिटं लागतात. महिन्याभरात वीसेक कविता कानावरून जातात, त्यातली एखादी अडकते.

ती वाचायची कोणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुरेल गळ्याच्या, दरवर्षी स्नेहसंमेलनात पुढे असणाऱ्या मुलीलाच दरवेळी उभं केलं तर बाकीच्यांना कविता हा तिचा प्रांत वाटू लागतो. अडखळणाऱ्या मुलालाही उभं करावं. आदल्या दिवशी कविता घरी न्यायला द्यावी, चार वेळा मोठ्यानं म्हणून यायला सांगावं. घरी मोठ्यानं म्हटली की ती आई ऐकते, आजी ऐकते. आजीला त्यावरून काहीतरी आठवतं, बहुधा एखादी ओवी. ती वहीत उतरवून आणायला सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात तीच म्हणायला लावावी. वर्षभरात शाळेपाशी गावाच्या ओव्यांची वही तयार होईल, आणि ती करणारी मुलं असतील.

नीरजा यांची ‘आश्वासक चित्र’ या वयोगटात मुद्दाम वाचावी. भातुकली खेळणारी मुलगी आणि चेंडू उडवणारा मुलगा, आणि मग त्यांच्यात होणारी अदलाबदल. सहसा यावर मुलगे आधी हसतात आणि मुली गप्प राहतात. हसू ओसरू द्यावं. मग मुलींना विचारावं की हे चित्र तुमच्या घरात आहे का. त्यानंतर जे बोलणं होतं ते ऐकताना शिक्षकानं मधे पडू नये. जे दोघं एकाच वर्गात तीन वर्षं बसून एकमेकांशी एक वाक्य बोललेले नसतात, ते त्या कवितेच्या निमित्तानं एकमेकांचं म्हणणं खोडून काढताना मी पाहिले आहेत. ज. वि. पवारांची महाडच्या संग्रामावरची कविताही अशीच. ज्यांच्या घरात २० मार्च १९२७ ही तारीख सणासारखी पाळतात ती मुलं, आणि जिथे कधी तिचा उच्चार झालेला नाही ती मुलं, एका बाकावर बसलेली असतात. पहिल्या गटातल्या मुलांना ही कविता मोठ्यानं वाचायला द्यावी, आणि दुसऱ्या गटातल्या मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

पुस्तकं कुठून आणायची, ही खेड्यातली खरी अडचण. बालभारती ‘किशोर’ हे मासिक १९७१पासून काढतं, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर, मोबाइलवर फुकट वाचता येतात. मराठीतल्या मोठमोठ्या कवींनी त्यात मुलांसाठी लिहिलेलं आहे. परभणीला गणेश वाचनालय आहे. शेजारच्या नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या भागातला, शाळेत आयुष्य घालवलेला माणूस मुलांसाठी कविता लिहितो आणि देशपातळीवर तिचं नाव होतं, हे मुलांपर्यंत पोचायला हवं. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली पहिल्यांदा छापल्या गेल्या आणि आजही स्वस्तात मिळतात. लिहितावाचता न येणाऱ्या बाईंची ती रचना शेतातल्या कामातून, घरातल्या कामातून आलेली आहे. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७च्या. दहा पुस्तकांचा संच शाळेच्या कपाटात हवा, आणि कपाटाला कुलूप नको. पुस्तक हरवलं, फाटलं, कोणी घरी नेऊन परत आणलंच नाही, तर दुसरी प्रत घ्यावी. कवितासंग्रह बहुधा शंभर-दीडशे पानांचा असतो, त्याची किंमत एका नोट्सच्या संचापेक्षा कमी असते.

मुलं मग लिहायलाही लागतात. सुरुवातीला सगळं आईवर, पावसावर आणि शेतकऱ्यावर असतं, तिन्हींत अश्रू असतात. ते येऊ द्यावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांना सांगावं की अश्रू हा शब्द न वापरता लिहा, आणि पावसाचा वास कसा ते लिहा, बोअरची गाडी निघून गेल्यावर वावरात काय उरतं ते लिहा. ज्या मुलानं मला किती फूट विचारलं होतं, त्यानं वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या त्यानं मला वाचू दिल्या, पण छापू नका म्हणाला. मात्र त्या परिपाठात म्हणायला तो तयार आहे, मित्रांनी आधी ऐकून ठीक आहे म्हटलं तर.